स्वमग्न मुलाचे घर

१९३८ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहान गावात वकिली करणाऱ्या बीमन ट्रिपलेट या गृहस्थांनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत कळविण्यासाठी बाल्टिमोर येथील बालमनोरोगतज्ज्ञ लिओ कॅनर यांना जे पत्र पाठविले, ते टंकलिखित तेहेतीस पानांचे होते. दोन वर्षांचा होण्याच्या सुमारास ख्रिस्ती धर्मशिक्षणातील पंचवीस प्रश्नोत्तरे मुखोद्गत म्हणणारा हा मुलगा आईवडील घरी आले काय किंवा बाहेर गेले काय, त्यांची दखल घेत नाही. ठोकळे, तवे, जे जे म्हणून गरगर फिरू शकेल ते ते फिरविण्यात रमून जातो. आणि त्याच्या या उद्योगात कोणी हात घातला की आकांत मांडतो, असे सारे त्या पित्याने बारकाईने नोंदविले होते. त्यापूर्वी वर्षभर, त्या काळच्या वैद्यकीय सल्ल्याला मान देऊन, या दांपत्याने मुलाला घरापासून दूर एका आरोग्यधामात ठेवून पाहिले होते आणि तिथल्या प्रमुखांचा आग्रह मोडून त्याला परत आणले होते. १९४३ साली कॅनर यांनी ज्या अकरा मुलांच्या आधारे स्वमग्नतेचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले, त्यांत ‘डोनाल्ड टी.’ या नावाने पहिला क्रमांक याच मुलाचा आहे.

कॅनर यांनी त्या पत्राला उत्तम वृत्तांत म्हटले खरे. परंतु त्याच निबंधात, आईबापांनी ठेवलेल्या रोजनिश्या आणि टिपणे ही त्यांच्या अतिचिकित्सक, काहीशा पछाडलेल्या स्वभावाची साक्ष देतात, असाही सूर त्यांनी लावला. मला या गोष्टीचे महत्त्व फार वाटते. मूल आपल्याशी बोलत नाही, डॉक्टरांजवळ त्या अवस्थेला नाव नाही, अशा वेळी आईबापांच्या हाती उरते ते केवळ पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे. आणि तेच पुढे त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून दफ्तरी दाखल व्हावे, हा अन्याय स्वमग्नतेच्या इतिहासात अगदी आरंभीच घडला. ही मुले जन्मतःच वेगळी असावीत असा निष्कर्ष १९४३ साली काढणाऱ्या कॅनर यांनीच १९४९ च्या लेखात या मुलांच्या घरातील संगोपन थंड आणि यांत्रिक असते असे सांगताना शीतकपाटाची उपमा वापरली, आणि ती उपमा वाऱ्यासारखी पसरली. नाझी छळछावण्यांतून सुटून शिकागोला आलेले ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ सालच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात त्याही पलीकडे जाऊन स्वमग्न मुलाच्या मनःस्थितीची तुलना त्या छावण्यांतील कैद्यांच्या मनःस्थितीशी केली. जी आई रात्र रात्र जागत होती, तिच्यावर मुलाला पिडल्याची फिर्याद गुदरली गेली, आणि न्यायासनावर बसलेले लोक विद्वान असल्यामुळे तिला कैफियत मांडण्यासही जागा उरली नाही.

ही फिर्याद मोडून काढण्यात पुढाकार होता एका बापाचा. अमेरिकेच्या नौदलात मानसशास्त्रज्ञ म्हणून नोकरी करणारे बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. उपलब्ध असेल तो प्रत्येक कागद वाचून त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहिला आणि आईच्या थंडपणाच्या उपपत्तीला पुराव्याचा आधार नाही, हे मेंदूच्या घडणीचे प्रकरण आहे, असे साधार मांडले. त्या ग्रंथाला प्रस्तावना कॅनर यांची होती. आणि १९६९ मध्ये पालकांच्या राष्ट्रीय संस्थेच्या सभेत उभे राहून त्याच कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा केवढा मोठा आहे हेही उघड झाले. शास्त्राच्या दरबारात हा निकाल लागून अर्धे शतक उलटले. आपल्या घराघरांत तो अद्याप पोचलेला नाही. आई नोकरी करते म्हणून, मोबाइल हाती दिला म्हणून, गरोदरपणी काळजी घेतली नाही म्हणून, एकुलता एक आहे म्हणून, लाडावून ठेवला म्हणून, अशी कारणे सासर, माहेर आणि शेजार या तिन्ही बाजूंनी आजही पुढे येतात. आणि ती बहुधा आईच्याच पदरात घातली जातात.

स्वमग्नता म्हणजे मेंदूच्या विकासातील जन्मजात वेगळेपण. समोरच्याची नजर, आवाजाचा चढउतार, हावभाव यांतून जो अर्थ इतर मुले कोणी न शिकविता उचलतात, तो या मुलांना सायासाने शिकावा लागतो. ठरलेल्या क्रमाची, एकाच गोष्टीच्या पुनरावृत्तीची त्यांना विलक्षण ओढ असते. आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांची जाणीव कधी असह्य तीव्र, तर कधी फार मंद असते. याच्या छटा अनेक. लोकलचे वेळापत्रक तोंडपाठ असणारा, पण वर्गमित्राशी दोन वाक्ये बोलताना गोंधळणारा मुलगाही स्वमग्न असतो, आणि आयुष्यभर एक शब्द न बोलणारी मुलगीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न होते. म्हणजे मोठ्या गृहनिर्माण संस्थेत, मध्यम आकाराच्या शाळेत, एखाद्या मोठ्या लग्नाच्या मांडवात असे एखादे घर असणारच. ते आपल्या दृष्टीस पडत नसेल, तर ते तिथे येण्याचे टाळते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या घरातील एक सकाळ पाहावी. चटणी वाटायची आहे. पण मिक्सर लावण्यापूर्वी आई मुलाला आतल्या खोलीत नेते, त्याच्या कानांवर हेडफोन चढविते, दार ओढून घेते आणि मगच बटण दाबते. भाताला वरणाचा स्पर्श झालेला चालत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या वाट्यांत, आणि त्या वाट्याही त्याच. पोळी मोडलेली चालत नाही. मोडली तर ती आईच्या ताटात जाते आणि दुसरी लाटावी लागते. सदऱ्याच्या मानेवरचे लेबल उसवून काढलेले असते, कारण ते टोचते, आणि टोचते हे सांगता येत नसल्यामुळे पूर्वी तो सदराच फाडीत असे. शाळेची रिक्षा येते. रस्ता खणला आहे म्हणून आज ती दुसऱ्या गल्लीतून जाणार असते. रिक्षावाले काका हे आदल्या संध्याकाळी फोन करून कळवितात, आई मोबाइलवर त्या नव्या गल्लीचे चित्र काढून आणते आणि झोपण्यापूर्वी त्याला ते पुन्हा पुन्हा दाखविते. असे केले तर सकाळ निभावते. न केले तर तो रस्त्यात अंग टाकून देतो, डोके आपटतो, आणि भोवती जमलेली मंडळी ‘एक चापट मारा, सरळ येईल’ असा सल्ला देतात. गणेशोत्सवाचे दहा दिवस, ज्यांत सारे पुणे आनंदाने बाहेर पडते, अशा कित्येक कुटुंबांना ढोलताशांच्या आवाजामुळे दारे-खिडक्या लावून किंवा गावाबाहेर कोणाकडे तरी जाऊन काढावे लागतात. लग्नाचे आमंत्रण आले की दोघांपैकी कोण जाणार आणि कोण घरी थांबणार, याचा निर्णय आहेराच्या विचाराआधी होतो.

या सगळ्याचा शरीरावर काय परिणाम होतो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठातील मार्शा मेलिक सेल्ट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिले आहे. स्वमग्न किशोरांच्या आणि प्रौढांच्या आयांशी त्यांनी लागोपाठ आठ संध्याकाळी दूरध्वनीवरून संवाद साधला, आणि त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण तपासले. २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत आढळले ते असे की, दिवसाच्या ओघात या संप्रेरकाचा जो स्वाभाविक चढउतार व्हावयास हवा, तो या आयांच्या बाबतीत दबलेला होता. दीर्घकाळ युद्धभूमीवर राहिलेल्या सैनिकांतही असाच प्रकार दिसतो. शरीर सदैव सावध राहून शिणले, की सावधपणाची घंटाही नीट वाजेनाशी होते. या आयांना थकवा अधिक होता, विरंगुळ्याचा वेळ कमी होता, कामाच्या ठिकाणी व्यत्यय अधिक होते, घरातल्या वादावादीचे दिवस अधिक होते. मात्र याच अभ्यासातील दुसरी नोंद क्वचितच कोणी सांगते: दिवसभरात आलेल्या सुखद अनुभवांच्या बाबतीत, आणि दुसऱ्याला मदतीचा हात देण्याच्या बाबतीत, या बायका इतर आयांच्या मागे नव्हत्या. ताण आणि आनंद एकाच दिवसात, एकाच घरात, एकमेकांना न मिटविता नांदत होते. स्वमग्न मुलाच्या घराविषयी जे काही खरे बोलता येईल, ते या दोन नोंदी एकत्र धरूनच बोलता येते, अशी माझी धारणा आहे.

एकच प्रसंग एका घराला मोडतो आणि दुसऱ्याला मोडीत नाही, याचा विचार दुसऱ्या महायुद्धानंतर रूबेन हिल या समाजशास्त्रज्ञाने केला होता. युद्धावर गेलेल्या पुरुषांच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९४९ साली त्याने असे मांडले की, संकटाचा परिणाम केवळ संकटावर अवलंबून नसतो. घराजवळ साधने कोणती आहेत आणि घर त्या संकटाचा अर्थ काय लावते, यांवरही तो ठरतो. पुढे १९८३ साली मॅकक्यूबिन आणि पॅटरसन यांनी त्यात काळाची भर घातली. मूळ घाव एक असतो. पण वर्षे जातात तशी त्यावर, कर्जावर व्याज चढावे तशी, नवी ओझी चढत जातात. निदानाचा दिवस हा घाव असेल. परंतु थेरपीचा खर्च, आईने सोडलेली नोकरी, शाळेने वर्षाच्या मध्यावर ‘दुसरीकडे पाहा’ म्हणून सांगणे, आजीचे पडणे, बापाची बदली, धाकट्या बहिणीची दहावी, हे सगळे त्याच खात्यावर जमा होत राहते. म्हणून ‘मुलगा स्वमग्न आहे, त्यामुळे घर तणावात आहे’ हे वाक्य मला अपुरे आणि मुलावर अन्याय करणारे वाटते. अभ्यासकांनाही पुन्हा पुन्हा असेच आढळले आहे की स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांपेक्षा न लागणारी झोप, स्वतःला इजा करून घेणे, आदळआपट अशा गोष्टी पालकांना अधिक खचवितात. आणि यांतील पुष्कळशा गोष्टींवर वेळीच योग्य साहाय्य मिळाले, तर उपाय असतो.

साहाय्य मिळणे हाच आपल्याकडे खरा प्रश्न आहे. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेतील गौरी दिवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या स्वमग्न मुलांच्या पालकांशी दीर्घ संवाद करून २०१२ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो वाचताना महाराष्ट्रातील वाचकाला आपलाच शेजार ओळखू येईल. निदानानंतर कुटुंबे आधी समाजापासून अंग चोरून घेतात. कालांतराने, इतर पालकांची गाठ पडल्यावर, पुन्हा हळूहळू बाहेर येतात. मधल्या काळात त्यांना अवहेलना सोसावी लागते, आणि ज्यांच्याकडे ते आशेने जातात ते डॉक्टर, शिक्षक आणि धर्मोपदेशकही या अवस्थेविषयी फारसे जाणत नसल्यामुळे पैसा आणि उमेद दोन्ही वाया जातात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘कान तपासून घ्या’, ‘याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलले’ या वाक्यांत गेलेली दोन वर्षे कित्येक घरांच्या हिशेबी असतात.

याच संस्थेने पुढे ब्रिटनमधील संशोधकांच्या साहाय्याने गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१६ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात आला, आणि मला तो अतिशय आश्वासक वाटतो. दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले. त्यांतील निम्म्या मुलांच्या घरांना साहाय्य करणाऱ्या व्यक्ती तज्ज्ञ नव्हत्या, तर प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. आई मुलाशी खेळत असताना त्या चित्रीकरण करीत, आणि मग आईच्या शेजारी बसून तेच चित्रीकरण तिच्यासह पाहत. इथे त्याने गाडी उचलून तुमच्याकडे क्षणभर पाहिले, आणि त्याच वेळी तुम्ही ‘हा रंग कोणता?’ असे विचारलेत. त्याऐवजी थांबून पाहिले असते तर? काही आठवड्यांनी आया थांबू लागल्या. मूल ज्याकडे पाहते त्याकडे पाहू लागल्या, त्याच्या बोलण्याची वाट पाहू लागल्या. आणि मुलांनी आपण होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. इथे आईला दोष दिलेला नाही आणि तिला देवीही केलेले नाही. तिच्याजवळ असलेली निरीक्षणशक्ती हेच साधन मानून तिच्या जोडीला एक माणूस दिला, एवढेच. आणि तो माणूस मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातून आणावा लागला नाही.

कायद्याने दिलेले साहाय्य कमी नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांतही तो आहे. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतील पालकाला नेहमीच्या बदल्यांतून सवलत मागता येते. परंतु या सगळ्याची किल्ली म्हणजे तो दाखला. आणि तो मिळविण्यासाठी चाळीस मुद्द्यांच्या भारतीय मापनपद्धतीने होणारी तपासणी अधिकृत रुग्णालयातच व्हावी लागते. तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने निघालेले मूल, ज्याला अनोळखी जागा, रांग आणि ट्यूबलाइटची गुणगुण या तिन्हींचा त्रास होतो, ते दुपारी दोन वाजेपर्यंत बाकावर बसून राहते, आणि मग कागदांतली एक छायाप्रत कमी आहे म्हणून पुढची तारीख मिळते. शासनाची तजवीज आणि त्या मुलाचे घर यांच्यामधली ही यातायात आईबापांच्या एकूण ताणाचा किती मोठा हिस्सा आहे, हे ज्याने ती केली आहे त्यालाच ठाऊक.

पतिपत्नींच्या नात्याविषयी एक गैरसमज फार दृढ आहे. अशा दांपत्यांपैकी ऐंशी टक्के विभक्त होतात, असे निदान झाल्याच्या दिवशीच कोणीतरी ऐकविते. याला आधार नाही. बाल्टिमोरमधील संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे ७८ हजार मुलांच्या माहितीचा अभ्यास केला, तेव्हा दोन्ही पालकांसह राहणाऱ्या मुलांचे प्रमाण स्वमग्न मुलांत ६४ टक्के आणि इतर मुलांत ६५ टक्के भरले. विस्कॉन्सिनच्या एका लहान, दीर्घकालीन अभ्यासात मात्र घटस्फोटाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौदा टक्क्यांविरुद्ध साडेतेवीस टक्के आढळले. आणि मुले मोठी झाल्यावर जो धोका इतर घरांत ओसरतो, तो या घरांत ओसरत नाही, असेही दिसले. म्हणजे लहानपणीचे वादळ निभावून नेणाऱ्या नात्यालाही पुढे वीस-पंचवीस वर्षांनी विश्रांती लागते. आपल्याकडे घटस्फोट कमी; पण एकाच छपराखाली बाप कमावण्यात आणि आई थेरपीत, अशी दोन आयुष्ये समांतर चालत राहतात, आणि दोघांना मिळून एक संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून कोणी काका-मावशी मुलाजवळ थांबायला येत नाहीत. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. दर शनिवारी चार ते सहा मी येईन, त्याला जिन्यावरून वरखाली करायला आवडते ना, मी त्याच्याबरोबर करीन, असे म्हणणारे एखादेच. आणि त्या एकाने घराचा श्वास मोकळा होतो.

अशा घरांतील माणसांच्या स्वतःच्या वाढीविषयी बोलायचे ते हे सारे सांगून झाल्यावरच. उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी आघातानंतरच्या वाढीची मोजपट्टी १९९६ साली तयार केली. नात्यांतील जवळीक, आयुष्याच्या नव्या वाटा, स्वतःच्या बळाची ओळख, आध्यात्मिक परिवर्तन आणि जगण्याचे मोल कळणे अशी पाच अंगे त्यांनी धरली. वाढ आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झगडताना होते, आणि ती झाल्याने दुःख नाहीसे होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले आहे. स्वमग्न मुलांच्या घरांत या पाचही अंगांची माणसे भेटतात. आयुष्यभर घाईत असलेला बाप मुलाबरोबर तासभर फाटकाचे बिजागर न्याहाळीत उभा राहायला शिकतो. ‘चारचौघांत काय म्हणतील’ या एका वाक्यावर संसार केलेली आजी भर बसमध्ये उभी राहून, हा माझा नातू आहे, त्याला आवाजाचा त्रास होतो, जरा जागा द्या, असे सांगते. आणि काही आईबापांच्या हातून तर त्यांच्या घराच्या मर्यादा ओलांडणारे कार्य घडते. लंडनच्या लॉर्ना विंग या मनोरोगतज्ज्ञ स्वमग्न मुलीच्या आई होत्या. १९६२ साली इतर पालकांसह त्यांनी स्वमग्नांसाठीच्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेचा पाया घातला, आणि स्वमग्नता म्हणजे एक ठोकळेबाज रोग नसून अनेक छटांचा पट आहे ही आजची समज त्यांच्या संशोधनातून आली. दिल्लीतील मेरी बरुआ यांनी आपल्या मुलासाठी मार्ग शोधता शोधता १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ उभी केली, आणि पालकांनाच शिकविण्याची पद्धत तिथून देशभर गेली.

परंतु ही नावे घेताना जपावे लागते. ‘देव अशी मुले खास आईबापांनाच देतो’ हे वाक्य चांगल्या हेतूने बोलले जाते, आणि ऐकणाऱ्या आईला ते एकटे पाडते. कारण त्यानंतर तिला ‘मी थकले’ असे म्हणता येत नाही. तिच्या सहनशक्तीचे कौतुक करून उरलेल्यांनी घरी निघून जावे, यासाठी तिची वाढ झालेली नाही. शिवाय या सगळ्या चर्चेत ज्याच्याविषयी बोलतो तो माणूसही ऐकत असतो. स्वतः स्वमग्न असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली पालकांना उद्देशून केलेल्या निवेदनात सांगितले की, तुम्ही ज्याची वाट पाहिली ते कल्पनेतले मूल आले नाही, याचा शोक जरूर करा, पण तो आमच्यापासून दूर करा. जे मूल आले आहे ते शोक करण्याजोगे नाही, त्याला तुमची गरज आहे. मला पालकांच्या वाढीची याहून नेमकी कसोटी माहीत नाही. कल्पनेतल्या मुलाला निरोप देऊन समोरच्या मुलाला पाहता येणे, ही ती वाढ. आणि ती निदानाच्या चौथ्या महिन्यात कोणाकडून मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

डोनाल्ड ट्रिपलेटचे पुढे काय झाले, हे इथे सांगितले पाहिजे. काही वर्षे तो गावाजवळच्या एका शेतकरी दांपत्याकडे राहिला. मोजण्याचे त्याचे वेड पाहून त्या दांपत्याने त्याला मक्याच्या ओळी मोजीत नांगर धरायला दिला. मग तो शाळेत गेला, महाविद्यालयात गेला, आणि कुटुंबाचा संबंध असलेल्या गावच्या बँकेत नोकरीला लागला. तो गोल्फ खेळे, मोटार चालवी, एकटा देशोदेशी प्रवास करी. २०२३ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी, फॉरेस्टमध्येच त्याचे निधन झाले. त्याच्या घरी पैसा होता, वजन होते, आणि ते सर्वांना नसते. पण त्याच्यावर लिहिणाऱ्या पत्रकारांना विशेष वाटले ते त्या गावाचे: लोक त्याला लहानपणापासून ओळखत, माणसांना क्रमांक देण्याची त्याची सवय त्यांना ठाऊक होती, आणि त्याची विचारपूस करायला कोणी परका आला तर गावकरी आधी त्या परक्याचीच चौकशी करीत. आई १९८५ मध्ये गेली. त्यानंतर अडतीस वर्षे तो त्याच घरात राहिला.

‘आमच्यामागे याचे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक स्वमग्न मुलाच्या आईबापांना रात्री जागवितो, आणि त्याचे उत्तर बहुधा न बोलताच धाकट्या बहिणीच्या नावावर टाकलेले असते. ती लहानपणापासून समजूतदार असते, म्हणजे तिला दुसरे काही असण्याची मुभा नसते. स्नेहसंमेलनाला आई येणार नाही हे तिने पहिलीतच मान्य केलेले असते, आणि लग्नाच्या बैठकीत भावाविषयी विचारले जाईल हे तिला बारावीतच कळलेले असते. तिच्याशी याविषयी उघड बोलावे, आणि बोलण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते आईबापांनी पाहून घ्यावे. राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पालक म्हणून आपल्या पसंतीची व्यक्ती सुचविता येते, ती सख्खी बहीणच असली पाहिजे असे नाही. नेमलेल्या पालकाला त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी सहा महिन्यांच्या आत समितीपुढे दाखल करावी लागते, आणि हेळसांड झाल्यास तक्रारीवरून त्याला दूर करता येते. नाही म्हटले तर भाऊ रस्त्यावर येईल, या धाकाने दिलेला होकार फार काळ टिकत नाही. हे सारे कागद समोर ठेवून, दुसरी नावेही सुचवून, मग तिला विचारावे. आणि ती परगावी शिकायला जाते म्हणाली, तर जाऊ द्यावे.